लेप गप होईपर्यंत

लेप झाला की नाही हे शालनकाकी डोळ्यांनी बघायची नाही. सहाणेवर मंजिष्ठेचा विटकरी लगदा घोटून झाला की ती मान जराशी वाकडी करायची, डोळे मिटायची आणि उजव्या हाताचं गंध लावायचं बोट त्यातून एकदा गोल फिरवायची. मग निकाल द्यायची.

"अजून बोलता."

म्हणजे लेपात अजून कण आहे, बोटाला लागतोय. मग पाण्याचे दोन थेंब, परत दगड हातात, परत घोटणं. समोर बसलेल्या पोरीला कॉलेजला उशीर होऊ दे नाहीतर मोबाइल वाजून वाजून बंद पडू दे, काकीला फरक पडायचा नाही. चार-पाच वेळा "बोलता, बोलता" झाल्यावर कधीतरी तिचा चेहरा सैल पडायचा. "हां. गप झालो." मग त्याच बोटानं ती लेप गालावर लावायची. इतका हलका की आपल्याला बोट लागायचंच नाही, फक्त गारवा कळायचा.

करी रोडच्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावरची शेवटची खोली तिची. नवरा एका ऑफिसात लिफ्टमन होता, तो मी शाळेत असतानाच गेला. मुलगा दिनेश बदलापूरला, बायको-पोरांसह. काकी एकटी. अंगात गाऊन, गाऊनवर खांद्याला टॉवेल, आणि दोन्ही हात मनगटापर्यंत लालसर. मंजिष्ठेचा रंग कातडीत मुरला होता, साबणानं जायचा नाही. पूर्वी कापड रंगवायला हीच मुळी वापरायचे म्हणे. चाळीत नवीन भाडेकरू आला की हमखास विचारायचा, "काकी, मेंदी कुणाच्या लग्नाची?"

"माझ्याच. नवरो शोधतंय. आसा कोण बघण्यात?"

विद्या सासूकडून आलेली. सासू कुडाळकडची. सहाणही तिचीच, मध्ये खोल झिजलेली. काकीनं सातवीत शाळा सोडली होती, पण मुळीच्या बाबतीत ती कुणाचं ऐकून घ्यायची नाही. लालबागच्या काष्ठौषधीवाल्याकडे मी तिच्याबरोबर दोन-तीनदा गेले होते. ती पोत्यात हात घालून मुळ्या वरखाली करायची, एक उचलायची, कटकन मोडायची, आतला लाल बघायची, मोडलेलं टोक जिभेला लावायची. अशा पाच-सहा मोडल्यावर दुकानदार वैतागायचा.

"मावशी, पावडर घ्या ना. तयार आहे. सगळे तीच नेतात."

"पावडर म्हणजे मेलेल्याचो फोटो," काकी म्हणायची. "कोण होतो ता कळता. पण तो उठान काम करुचो नाय."

मुळी घरी आणून ती भिजवायची, खलात कुटायची, मलमलीच्या फडक्यातून गाळायची आणि मग सहाणेवर वाटीएवढ्या गोल दगडानं घोटायची. थोडा मध. बस. आधी कोपराच्या आत टिकली एवढा लेप लावून द्यायची आणि सांगायची, "आज नुसती वळख. खाज सुटली, लाल झाला, तर परत येव नको. नाय झाला तर उद्या ये." मुरमं, मुरमांचे काळे डाग, बाळंतपणानंतर गालावर उमटलेले वांग, यांच्यासाठी चाळीतल्या, शेजारच्या चाळीतल्या, पार परळ व्हिलेजमधल्या बायका तिच्या दारात बसायच्या. सगळ्यांना गुण यायचा असं मी म्हणणार नाही. कुणाचे डाग फिकट व्हायचे, कुणाचे तसेच राहायचे. पण कुणाचं वाईट झालेलं मी पाहिलं नाही, कारण काकी नाही म्हणायला घाबरायची नाही.

एकदा हिंदमाताच्या साडीच्या दुकानात काम करणारी एक बाई मुलीला घेऊन आली. चार दिवसांनी मुलीला बघायला येणार होते. म्हणाली, "काकी, जरा उजळ करा हो हिला. काय लागेल ते देते."

काकीनं पोरीची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. सुंदर सावळी पोर, एक डाग नाही.

"हिका काय झालाहा?"

"रंग हो, काकी."

"रंग बदलूचो आसात तर चुनो लाव. भिंतीक लावतत तो. स्वस्त पडात." आणि पोरीकडे वळून म्हणाली, "तू जा गो. तुझ्या तोंडाक औषध नको. तुझ्या आवशीच्या डोळ्यांका व्हया."

आणखी एक नियम होता तिचा. तो मी मुद्दाम सांगतेय. कुणी पांढुरका डाग घेऊन आलं की ती लेपाला हात लावायची नाही. सुईचं मागचं टोक घेऊन त्या डागावर हलकेच टेकवायची आणि विचारायची, "लागता?" नाही म्हटलं की सहाण बाजूला सारायची. "खाजणारो डाग माझो. गप डाग डॉक्टरचो. आजच्या आज जा." अशा दोघांना तरी तिनं इस्पितळात धाडलेलं मला आठवतंय. एक तर आमच्याच जिन्याखालचा इस्त्रीवाला. त्याला ती स्वतः घेऊन गेली होती.

माझ्यावर तिचा जीव होता. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. बाबा कुरियर कंपनीत, आई दोन घरी पोळ्या करायची. अकरावीत माझा चेहरा मुरमांनी भरला, तेव्हापासून दर रविवारी मी काकीसमोर बसायचे. मी पुस्तक वाचायचे, ती घोटायची. हाक मारायची ती "गो ग्रॅज्वेट". तेव्हा मी बारावीसुद्धा नव्हते.

"काकी, अजून पाच वर्षं आहेत."

"होतलंस मां? मग आत्तापासून म्हणलंय तर काय टॅक्स लागता?"

मी बी.कॉम. झाले. झाले ते फर्स्ट क्लासनं, आणि हे सांगताना मला लाज वाटत नाही. पदवीदानाच्या आदल्या दिवशी काकीनं मला धरूनच बसवलं. "फोटो निघतलो. तो भिंतीवर लागतलो. तुझी पोरां बघतली. बस." माझे डाग तेव्हा जवळजवळ गेलेच होते, तरी बसले. तिनं घोटलं, डोळे मिटले, बोट फिरवलं. पहिल्याच फेऱ्याला म्हणाली, "गप झालो." मला जरा नवल वाटलं. इतक्या लवकर?

तिनं लेप लावायला सुरुवात केली आणि माझ्या गालावर काहीतरी खरवडलं. बारीक वाळूसारखं. मी डोळे उघडले. काकी अगदी मन लावून, जीभ दातांत धरून लावत होती. बोट नेहमीसारखं हलकंही नव्हतं, दाबून चालत होतं.

"गप आसा मां?" तिनं विचारलं.

मी तोंडावर बोलणारी आहे. कॉलेजात प्राध्यापकांना बोलले आहे, घरी बाबांना बोलले आहे. पण त्या दिवशी काकीच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता की माझी जीभ उचलली नाही. वाटलं, वय झालं, एखाद्या दिवशी होतं. कशाला तिचा हिरमोड करा.

"एकदम गप, काकी," मी म्हणाले.

त्या फोटोत माझ्या डाव्या गालावर दोन बारीक लाल रेघा आहेत. फोटो भिंतीवर आहे. माहीत नसलेल्याला त्या दिसत नाहीत.

नंतर मला नोकरी लागली, लोअर परळला, एका कंपनीच्या हिशेब विभागात. रविवारचं बसणं सुटलं. येता-जाता काकी दिसायची. एकदा आईसाठी तिच्याकडे खोबरं आणायला गेले तर तिनं स्टोव्हवरनं उकळत्या चहाचं पातेलं सांडशीशिवाय, नुसत्या हातानं उतरवलं. मी ओरडले.

"काय झाला? गिरणीवाल्याची सून मी. हात लोखंडाचे आसत."

शेजारच्या दोन बायका हसल्या. चाळीत ही गोष्ट कौतुकानं सांगितली जायची, शालनकाकीला चटका लागत नाही. आमच्याकडे दुखणं न सांगण्याला गुण समजतात. बोटं चिरली, भाजली तरी काम न थांबवणारी बाई ती खरी बाई. काकीच्या करंगळीवर भाजल्याचा फोड कायम असायचा, आणि तो बघूनही चाळीतल्या कुणाला, मलासुद्धा, काकीचाच नियम आठवला नाही. दुसऱ्याच्या डागावर सुई टेकवणारी बाई स्वतःच्या हातावर कशी टेकवणार? हात तर लाल होते. लाल रंगाखाली पांढुरकं काय आहे ते दिसणार कुठून?

वर्षभरानं बाजूच्या खोलीतल्या रेश्माचं लग्न निघालं. हळदीच्या आधी तीन दिवस काकीचा लेप, हा आमच्या मजल्याचा रिवाजच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले होते, तेवढ्यात गॅलरीत आरडाओरडा झाला. रेश्माचे दोन्ही गाल सोलवटल्यासारखे झाले होते. ती रडत होती आणि तिची आई काकीच्या दारात उभी होती.

"काय घासलंत हो पोरीच्या तोंडाला? घासणी? परवा हळद आहे तिची!"

काकी सहाणेशी बसलेली. कालचा उरलेला लेप वाटीत होता. ती परत परत त्यात बोट फिरवत होती, डोळे मिटून. "गप आसा तो," ती म्हणत होती. "मी बघितलंय. गपच आसा."

मग तिनं डोळे उघडले आणि गर्दीतून नेमकं मला शोधलं.

"गो ग्रॅज्वेट. हयसर ये. बोट घाल. सांग हेंका."

मी चपला काढल्या, आत गेले, वाटीत बोट घातलं. वाळू. नदीकाठची असते तशी.

"बोलतो, काकी."

"काय?"

"लेप बोलतो. माझ्या पदवीदानाच्या वेळीसुद्धा बोलत होता."

काकी माझ्याकडे बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. अगदी हळू आवाजात म्हणाली, "मगे तेव्हा जीभ खंय ठेवलेलंस?"

ती उठली, पत्र्याच्या डब्यातून सुई काढली आणि तिचं मागचं टोक स्वतःच्या त्या बोटावर टेकवलं. मग करंगळीवर. मग तळहाताच्या कडेनं खाली, मनगटापर्यंत. प्रत्येक ठिकाणी थांबत होती, वाट बघत होती. शेवटी सुई उलटी केली आणि टोचली. रक्ताचा थेंब आला. तो लाल हातावर नीट दिसलाही नाही.

"लागणा नाय," ती म्हणाली. कुणालाच उद्देशून नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी तिला परळच्या इस्पितळात घेऊन गेले. डॉक्टर माझ्याच वयाची मुलगी होती, बोलायला मऊ. तिनं काकीचे हात स्पिरिटनं पुसले, कोपराजवळची नस चाचपली. कोपराच्या मागे तळव्याएवढा फिकट डाग होता. तो इतकी वर्षं कुणी पाहिला नव्हता. स्वतःच्या कोपराची मागची बाजू कोण बघतं?

"मावशी, डोळे मिटा. मी पेनचं टोक लावीन. लागलं की हो म्हणा."

डोळे मिटून बोटानं ओळखायचं, हे तर काकीचं जन्माचं काम. ती ताठ बसली. परीक्षेला बसल्यासारखी.

डॉक्टरनं अनामिकेवर टोक टेकवलं. काकी गप्प. करंगळीवर टेकवलं. गप्प. मग डॉक्टरनं हात मागे घेतला, काही लिहायला लागली, आणि काकी म्हणाली, "हो." थोड्या वेळानं परत, "हो." आणि जरा मोठ्यानं, "हो, लागला." पेन टेबलावर पडलेलं होतं. मी खिडकीकडे बघायला लागले.

डॉक्टरनं काकीचा हात हातात घेऊनच आजाराचं नाव सांगितलं. कुष्ठ. मग घाईनं पुढचं सांगितलं. वर्षभर गोळ्या, इथेच मोफत मिळतील. आजार पूर्ण बरा होतो. गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागत नाही. तोंड आणि अंग थोडं काळवंडेल, ते औषधानं, कोर्स संपल्यावर हळूहळू जाईल.

"आणि बोट?" काकीनं विचारलं. बाकी काही विचारलंच नाही.

"नस फार दिवस दबलेली आहे, मावशी. तेवढं परत येईल असं मी सांगू शकत नाही. लवकर आला असता तर बरीच आशा होती. किती दिवसांपासून कळत नाहीये?"

काकीनं माझ्याकडे हनुवटी केली. "हिका विचारा. हिका म्हायत."

मी सांगितलं. डॉक्टरनं लिहून घेतलं. इस्पितळाबाहेर बाकड्यावर बसून आम्ही उसाचा रस प्यायलो. तिनं ग्लास डाव्या हातात धरला आणि म्हणाली, "इस्त्रीवाल्याक घेऊन इलेलंय, तेव्हा पण हयच बसलेलंय. ह्याच बाकड्यार."

चाळीत मी सगळ्यांना समजावलं. मजल्यावर एकेका दारात उभी राहून बोलले, मोबाइलवर सरकारी माहिती उघडून दाखवली. कुणी वाद घातला नाही. सगळ्यांनी मान डोलावली. आणि काकीच्या दारात बसायला कुणी आलं नाही. रेश्माच्या आईनं भांडण विसरून लग्नाचा लाडू धाडला, पण पोराच्या हाती आणि कागदावर. डबा परत घ्यावा लागू नये म्हणून. "आता पार्लरचं पॅकेज घेतलंय, काकी." "ऑनलाइन मंजिष्ठेचं सीरम मिळतं, काकी, ड्रॉपरवालं." सगळे गोड बोलायचे. लांबून.

आमच्या घरी आईनं काकीसाठीचा कप वेगळा ठेवला. मी भांडले. म्हटलं, आई, लागत नाही. डॉक्टरनं माझ्यासमोर सांगितलंय.

आई भाकरी थापत होती. "तू शिकलीस, तुझं बरोबरच असणार," ती म्हणाली. "पण कप वेगळा राहू दे."

एवढ्या कष्टानं मिळवलेली पदवी एका कपापुढे चालली नाही. आज हे लिहिताना तो कप कुठल्या फळीवर होता तेही मी सांगू शकते.

गोळ्यांनी काकीचं तोंड खरंच काळवंडलं. लोकांना वाटलं रोग वाढला. काकी आरशात बघून म्हणाली, "बघ गो. जल्मभर दुसऱ्यांचे डाग काढलंय. आता माका लेप कोण लावतलो?" मी म्हटलं, मी लावते, काकी. ती हसली. "तू? तू हिशेब कर." रागानं नाही म्हणाली. पण लावू दिलं नाही.

तिनं गोळ्यांचा एक दिवस चुकवला नाही. कार्ड जपून ठेवलं. वर्ष संपलं, कार्डावर कोर्स पूर्ण झाल्याचा शिक्का पडला. आजार गेला, अगदी पूर्ण गेला. अनामिका आणि करंगळी मात्र तळहाताकडे वाकली ती वाकलीच. हातांचा लाल रंगही तोवर उतरला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी काकीच्या हातांचा खरा रंग पाहिला. सावळा होता, आणि हात अगदीच लहान वाटले.

त्याच सुमारास आमची चाळ टॉवरला गेली. सगळ्यांना भाडं देऊन दुसरीकडे हलवायला लागले. काकी दिनेशकडे बदलापूरला जाणार होती. "त्याची बायको काय म्हणते?" आईनं विचारलं. काकी म्हणाली, "बाल्कनीत खाट टाकल्यान हा. हवा बरी येता."

जायच्या दिवशी, रविवारीच, तिनं मला हाक मारली. खोलीत सामान बांधलेलं, भिंतीवर कॅलेंडरच्या जागी पांढरा चौकोन. मध्ये सहाण मांडलेली. मुळी आदल्या रात्री भिजवलेली. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

"बस. मी घोटतंय. तू बोट घाल आणि सांग."

डाव्या हातात दगड धरून ती घोटायला लागली. उजवा हात सहाण धरायला, दोन बोटं वाकलेली. मी तिच्यासारखी मान वाकडी केली, डोळे मिटले, बोट फिरवलं.

"बोलतो."

पाणी. घोटणं.

"बोलतो, काकी."

पुन्हा घोटणं. खाली टेम्पोवाला हॉर्न देत होता, दिनेश दोनदा वर येऊन गेला. ती थांबली नाही. चौथ्यांदा, पाचव्यांदा मी बोट घातलं. लोण्यासारखा झाला होता. माझ्या अकरावीतल्या गालाला लागायचा तसाच. एक कण नव्हता.

"गप झाला, काकी. खरंच."

ती घोटायची थांबली. माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली, एखाद्या मुळीचं मोडलेलं टोक बघावं तशी.

"मागे पण असाच म्हणालेलंस," ती म्हणाली.

मग तिनं वाटीतून पाण्याचे दोन थेंब टाकले आणि पुन्हा घोटायला लागली. मी बोट पुसलं. मग उठले. जिन्यावरनं उतरताना, खाली चौकात पोचेपर्यंत, सहाणेवर दगड फिरल्याचा आवाज मला ऐकू येत होता.